तेवीस नंबरवरची उत्तर दिशा

संस्थेत त्यांना सगळे खड्डेकाका म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते वाचायची वेळ कोणावर येत नसे. वय छप्पन्न, अंगकाठी काटकुळी, तळहातांना कुदळीचे घट्टे, आणि बोलणं इतकं मोजकं की नव्यानं आलेल्या टायपिस्टबाईंना पहिले दोन महिने ते मुकेच वाटले होते. काय काम करता असं कोणी विचारलं की म्हणायचे, "खड्डे खणतो." हे खोटं नव्हतं, फक्त अर्धंच होतं.

उरलेलं अर्धं असं. संस्थेपासून दिवसभराच्या वाटेवर जमिनीचा एक अफाट खोलगट पट्टा होता, दोनशे किलोमीटर लांब. कोट्यवधी वर्षं नद्या त्यात गाळ आणून टाकत राहिल्या. भांडं भरत गेलं आणि भरता भरता ओझ्यानं खचतही गेलं. वरून पाहाल तर नुसती सपाट शेतं, मधूनमधून वस्ती. खाली तीन-चार किलोमीटर गाळाचेच थर, त्याखाली खडक. पण तो खडकाचा पापुद्रा, ज्याला भूकवच म्हणतात, तिथं नेमका किती जाड आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. इतकं खोल खणता येत नाही. मग कान लावायचा. जगाच्या दुसऱ्या टोकाला मोठा भूकंप झाला की त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून वाट काढत इथं खालून वर येतात. कवचाच्या बुडाशी ठेचकाळतात आणि एकीच्या दोन होतात. एक आधी वर पोचते, दुसरी चार-पाच सेकंद मागून. त्या मागे पडण्यावरून जाडीचा अंदाज काढायचा. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून आत काय आहे ते ओळखतो, त्यातलाच प्रकार.

त्यासाठी त्या पट्ट्यात चाळीस ठिकाणी यंत्रं पुरायची होती आणि दोन वर्षं ठेवायची होती. प्रकल्प होता मॅडमचा. मॅडम म्हणजे संस्थेतल्या भूकंपशास्त्राच्या प्रमुख, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, चहा विसरून गार करणाऱ्या. यंत्रं पुरणं, तीन-तीन महिन्यांनी जाऊन बॅटरी तपासणं, नोंदींचं कार्ड बदलणं, उंदरांनी कुरतडलेल्या तारा जोडणं, हे सगळं खड्डेकाकांकडे.

जागा निवडायचीही तेच. आणि जागेची अट एकच, तिथं माणूस नको. रस्ता नको, गिरणी नको, खेळणारी पोरं नकोत. पाचशे पावलांवरून ट्रॅक्टर गेला तरी यंत्र थरथरतं आणि दूरच्या भूकंपाची कुजबुज त्या गोंगाटात बुडून जाते. त्यामुळे नोकरीची तीस वर्षं खड्डेकाका नकाशावर बोट ठेवून माणसं नसलेली ठिकाणं शोधत आले होते, आणि शोधून तिथंच मुक्काम करत आले होते. जीपमध्ये एक गादी, एक स्टोव्ह, दोन भांडी. महिन्यातले वीस दिवस घर म्हणजे एवढंच.

खरं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. त्यात बायको अठ्ठावीस वर्षं राहिली. ती म्हणायची, "माझं लग्न तुमच्या जीपशी लावलं असतं तर निदान ती तरी रोज दिसली असती." हे ती हसत म्हणायची. पुढे पुढे हसणं गेलं आणि म्हणणंही गेलं. भांडण नाही, तंटा नाही. काका घरी आले की ताट वाढायची, निघाले की डबा द्यायची, आणि मधल्या दिवसांत काय झालं हे दोघंही एकमेकांना विचारत नसत.

तेविसाव्या यंत्राची जागा पट्ट्याच्या पूर्वेच्या कडेला होती. जुन्या पंपदुरुस्तीच्या कारखान्याचं आवार. कारखाना बंद पडून पंधरा वर्षं झाली होती आणि त्याचे मालक, पंचाहत्तरीचे पंपवाले आबा, आवारातल्याच एका खोलीत एकटे राहत. आसपास दोन किलोमीटरपर्यंत घर नव्हतं. जागा पाहताच काकांचा जीव भांड्यात पडला. इतकी शांत जागा चाळीसात दुसरी मिळाली नव्हती.

आबांना मात्र शांततेचा कंटाळा आला होता. काका खणायला लागल्यापासून ते काठी टेकत खड्ड्याच्या काठाशी उभे.

"किती खोल नेणार?"

"चार फूट."

"एवढ्यात पाताळ लागतं होय?"

काका हसले. आबांना भरतं आलं. पंपांच्या गोष्टी निघाल्या, कोणत्या विहिरीत काय सापडलं ते निघालं. मध्येच ते म्हणाले, "जरा बेतानं हं. इथं पूर्वी आम्ही काय काय पुरून ठेवलंय, आता माझ्याही ध्यानात नाही." काकांनी मान डोलावली. खड्डा पुरा झाला, तळाशी काँक्रीटची लादी बसली, दोन दिवसांनी ती सुकली. आता तिच्यावर उत्तर-दक्षिण रेघ मारायची आणि यंत्रावरचा बाण त्या रेघेला जुळवायचा, एवढंच राहिलं होतं.

एवढंच म्हणायचं, पण सगळं त्यावरच. धक्का कोणत्या दिशेनं आला हे यंत्र सांगतं ते स्वतःच्या बाणाच्या हिशोबानं. बाण चुकला तर यंत्र पूर्वेला ईशान्य म्हणेल आणि पुढचे सगळे पंडित ईशान्येला जाऊन शोधत बसतील. होकायंत्र तर लोखंड जवळ असलं की सरळ थाप मारतं. म्हणून काकांचा नियम ठरलेला. खड्ड्यात उत्तर बघायची, मग बाहेर तीस पावलांवर चारी बाजूंना जाऊन पुन्हा बघायची आणि ताडून घ्यायची. तीस वर्षांत हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता.

लादीवर रेघ मारली आणि फोन वाजला. बायको होती. दुपारी ती कधी फोन करत नसे.

"अहो, मी मुलाकडे जातेय."

"जा की. कधी येशील?"

"तेच सांगायला फोन केला. आता तिथंच राहीन म्हणते. सूनबाई कामाला जाते, नातीकडे बघायला कोणी नाही. आणि इथं तरी मी कोणासाठी बसायचं?"

काका खड्ड्यात उकिडवे बसले होते. वर आबांचे दोन पाय आणि काठी दिसत होती. परक्या माणसासमोर काय बोलणार? ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "कामात आहे." आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांनी यंत्र उतरवलं, बाण रेघेला लावला, पाणसळीनं सपाटी बघितली, झाकण घातलं, माती लोटली. सगळं नीट केलं. फक्त तीस पावलं चालायचं राहून गेलं. राहून गेलं हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"घरून होता काय फोन?" आबांनी विचारलं.

"हो."

"सगळं ठीक ना?"

"ठीक."

पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदी संस्थेत पोचल्या तेव्हा मॅडमनी काकांना बोलावून पडदा दाखवला. "तेवीस नंबरवर हे बघा. रोज सकाळी सातच्या सुमाराला ठकठक. वीस-बावीस मिनिटं. आणि संध्याकाळी परत. कोण आहे हे?"

काकांनी ओळखलं. ती आबांची काठी होती. आबा रोज सकाळ-संध्याकाळ यंत्राची खबर घ्यायला जात होते.

पुढच्या फेरीला काकांनी त्यांना सांगितलं. शक्य तितकं गोड सांगितलं, पण सांगायचं होतं ते हेच की आबा, तुम्ही इकडे फिरकू नका.

"माझी काठीसुद्धा कळते त्याला?" आबांना आधी कौतुकच वाटलं. मग चेहरा थोडा उतरला. "रोज बघून यायचो. म्हटलं, तुमची वस्तू आहे, कोणी हात लावायला नको." काकांनी हत्यारांची पिशवी उचलली. आबाच म्हणाले, "नाही जाणार. विज्ञानाचं काम आहे."

आणि शब्दाला जागले. खोलीच्या पुढची खुर्ची उचलून त्यांनी मागच्या बाजूला नेली, आवाराच्या पार टोकाला. तिथून काही दिसत नसे, एक भिंत आणि पडीक शेत सोडून. काका तीन महिन्यांनी जात तेव्हा आबा तिथं बसलेले असत. दोघं चहा पीत, आबा बोलत, काका ऐकत. निघताना आबा म्हणत, "पुढच्या वेळी घाईत येऊ नका." दर वेळी काका म्हणत, नाही येणार. आणि दर वेळी घाईतच येत, कारण अजून सतरा यंत्रं राहिलेली असत.

तेवीस नंबरच्या नोंदी आता अशा स्वच्छ येऊ लागल्या की मॅडम हरखून गेल्या. आणि त्या नोंदींतून एक अजब गोष्ट दिसायला लागली. तिथं खालून येणाऱ्या लाटा सरळ येत नव्हत्या, बाजूला कलून येत होत्या. शेजारची यंत्रं तसं म्हणत नव्हती, पण ती बारा किलोमीटर लांब आणि गोंगाटात होती. मॅडमनी सहा महिने आकडेमोड केली. निष्कर्ष निघाला की पट्ट्याच्या पूर्वेच्या कडेखाली भूकवचाचं बूड तिरकं उतरलंय, जुन्या काळी तिथं कवच फाटलं असावं. असं कोणी लिहिलं नव्हतं. मोठ्या परिषदेत त्यांनी ते मांडलं, टाळ्या पडल्या, आणि शोधनिबंध एका नामांकित नियतकालिकानं स्वीकारला. परत आल्यावर त्या काकांना म्हणाल्या, "तुमच्या तेवीस नंबरनं नाव काढलं हो." काका घरी गेले. सांगायला कोणी नव्हतं. त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत तिथंच उभे राहिले.

दोन वर्षं संपली. यंत्रं काढायची वेळ आली. तेवीस नंबरवर पोचले तेव्हा फाटकाला कुलूप होतं. किल्ली घेऊन आबांची पुतणी आली, शहरात नोकरी करणारी.

"आमचे काका गेले. दोन महिने झाले," ती म्हणाली. "तुम्ही ते मशीनवाले ना? तुमच्याबद्दल सांगायचे. फोन नंबर मिळाला नाही, नाहीतर कळवलं असतं."

"कसे गेले?"

"झोपेत. दूधवाला दोन दिवसांनी आला तेव्हा कळलं."

दोन दिवस. काकांनी तारीख विचारून घेतली. पुतणी किल्ली देऊन खोलीतलं सामान बघायला गेली आणि काका खड्ड्यापाशी आले. नोंदींचं कार्ड लॅपटॉपला लावून त्यांनी ते दोन दिवस उघडले. काय दिसेल असं वाटलं होतं कोण जाणे. काहीच नव्हतं. सरळ, शांत रेघ. दुसऱ्या दिवशी दुपारी कुठल्यातरी समुद्राच्या तळाशी झालेल्या भूकंपाची नोंद अगदी सुरेख आली होती. चाळीस पावलांवर माणूस मरून पडला होता आणि यंत्राला त्याची खबर नव्हती. कशी असणार? खुर्ची लांब न्यायला लावणारे तेच होते.

ते उठले आणि कुदळ मारायला लागले. जोरात मारत होते. एका बाजूची माती ढासळली आणि पुढचा घाव खणकन वाजला.

त्यांनी हातानं माती उकरली. जाड लोखंडी नळी. जुन्या कूपनलिकेचं तोंड, वरून कापून झाकलेलं, जमिनीखाली दोन फुटांवर. लादीपासून जेमतेम हातभर.

काकांनी हात झटकले. मग जीपमधून होकायंत्र आणलं. लादीवर धरलं तर सुई लादीवरच्या रेघेला नेमकी जुळली. तीस पावलं लांब जाऊन धरलं तर सुई दुसरीच उत्तर दाखवायला लागली. तरी खात्री हवी होती, आणि लोखंडाला भीक न घालणारी एकच गोष्ट त्यांना माहीत होती, ती म्हणजे ऊन. यंत्र उचलून बाजूला ठेवलं. खड्ड्याच्या कडा मोठ्या करून लादीवर ऊन येऊ दिलं, एक सरळ काठी ओळंब्यानं उभी केली, आणि साडेदहापासून तिच्या सावलीच्या टोकाशी दर दहा मिनिटांनी पेन्सिलीची खूण करत बसले. सावली आखूड होत गेली, मग पुन्हा लांब व्हायला लागली. सगळ्यात आखूड सावली म्हणजे खरी उत्तर. त्यांनी कोनमापक लावला. लादीवरची रेघ चोवीस अंशांनी चुकलेली होती.

आणि मग सगळं आठवलं. फोन. वर दिसणारे दोन पाय. "इथं काय काय पुरून ठेवलंय." तीस पावलं.

पुतणीनं पाणी आणून दिलं. "काही बिघडलंय का?"

"मशीन ठीक आहे," काका म्हणाले. "चूक माझी आहे."

परतीच्या वाटेवर त्यांच्या मनात नको ते आलंच. लादी फोडून टाकली तर? नळीवर माती ओढली तर? चाळीस खड्डे बुजणारच होते. त्या पट्ट्यात त्यांच्याशिवाय एकाही खड्ड्यात कोणी उतरलं नव्हतं. तीस वर्षं एकट्यानं काम करण्याचा हा एक अर्थ त्यांना त्या दिवशी कळला. त्यांची चूक फक्त त्यांच्याच मालकीची होती. जीप त्यांनी दोनदा थांबवली. मग दुसऱ्या दिवशी घरी न जाता थेट संस्थेत गेले.

मॅडम खोलीत होत्या. काकांनी लादीचा फोटो, सावलीच्या खुणा आणि कोनाचा कागद टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फोनचंही सांगितलं, पण कोणाचा ते नाही.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. मग त्यांनी संगणक उघडला, तेवीस नंबरच्या नोंदी काढल्या आणि बाण चोवीस अंशांनी फिरवून गणित पुन्हा लावलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. कललेल्या लाटा सरळ झाल्या. फाटलेलं कवच सांधलं गेलं.

"दीड वर्ष," त्या हळूच म्हणाल्या.

"माझ्यावर काय कारवाई करायची ती करा."

"बसा आधी." काका बसले नाहीत. मॅडम म्हणाल्या, "बाण चुकलाय का हे नोंदींवरूनही तपासता येतं, काका. लाट कोणत्या दिशेनं यायला हवी ते माहीत असतं, ती कुठून आलेली दिसते ते बघायचं. एका दुपारचं काम. बाकीच्या एकोणचाळीस ठिकाणी मी ते केलं. इथं नाही केलं. उत्तर माझ्या मनासारखं येत होतं ना." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही बोलला नसता तर?"

"तुम्हाला कधी कळलं नसतं."

"मला नाही. पण दहा वर्षांनी कोणाला तरी कळलं असतं. आणि तोवर मी मोठी बाई म्हणून मिरवत असते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी निबंध मागे घेतला. परिषदेतल्या मंडळींना स्वतःच्या हातानं पत्रं लिहिली. काहींची सहानुभूतीची उत्तरं आली, काहींची आलीच नाहीत. पुढे वर्षभरानं नवा निबंध निघाला, साध्या नावाचा, साध्या नियतकालिकात. पट्ट्याच्या मध्याखाली कवच कडेपेक्षा चार-पाच किलोमीटरनं पातळ आहे, एवढंच त्यात होतं. टाळ्या पडण्यासारखं काही नव्हतं, पण होतं ते खणखणीत. काकांवर कारवाई झाली नाही. नवा नियम तेवढा निघाला की यंत्र पुरताना दोन माणसं हवीत आणि दिशेच्या कागदावर दोघांच्या सह्या हव्यात.

मॅडमना सांगून आले त्या संध्याकाळी काकांनी बायकोला फोन लावला. दोन वर्षांत फोन होत, पण नातीचा ताप, विजेचं बिल, एवढ्यापुरते. आज त्यांनी खड्डा, नळी, सावली सगळं सांगितलं. तिनं मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे शेवटी खापर माझ्या फोनवर."

"तसं नाही म्हणत मी."

"मग काय म्हणताय?"

काका म्हणाले, "त्या दिवशी माझं चित्त ठिकाणावर नव्हतं, एवढंच."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग ती म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्हाला काहीच वाटलं नाही. 'बरं' म्हणालात आणि ठेवून दिलात."

"समोर माणूस होता."

"नंतर नव्हता ना? दोन वर्षं होती की नंतर."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, "या इकडे. आठ दिवस रजा काढून या."

ते गेले, पण आठ दिवस राहिले नाहीत. मुलाचं घर चांगलं होतं, सगळे मानानं वागवत होते. पण सकाळपासून माणसांचा राबता, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावर कोणीतरी फर्निचर सरकवतंय. काका कुठल्याही खुर्चीत बसले तरी कोणाच्या तरी वाटेत येत. नात दोनदा जवळ आली, आणि आजोबांना काय बोलावं कळेना म्हणून परत गेली. बायकोच्या दिवसाला चाकोरी होती आणि तीत त्यांच्यासाठी जागा नव्हती. मुद्दाम ठेवली नाही असं नाही. इतकी वर्षं लागलीच नव्हती. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "निघतो मी." तिनं आग्रह केला नाही. पण चपला घातल्या आणि स्टँडवर सोडायला आली.

गाडीला तास होता. दोघं बाकावर बसली. हातातली पिशवी मांडीवर घेऊन तिनं विचारलं, "इतकी वर्षं खणताय. खाली असतं तरी काय हो?"

लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि हा प्रश्न तिनं पहिल्यांदा विचारला होता. खरं म्हणजे त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. काकांनी खिशातलं तिकीट उलटं केलं, त्यावर पेननं रेघा काढल्या. हा गाळ. हा खडक. हे कवचाचं बूड. ही लाट इथून येते, इथं तिच्या दोन होतात. ती तिकिटावर वाकून बघत होती.

"आणि हे प्रत्यक्ष कोणी पाहिलंय?"

"कोणी नाही. दिसतच नाही कोणाला."

"मग खरं कशावरून?"

"चाळीस जागांहून ऐकायचं. सगळ्यांचं जुळलं तर खरं मानायचं."

तिनं तिकिटावरच्या एका रेघेवर बोट ठेवलं. "आणि एकाच जागी ऐकलं तर?"

काका काही बोलणार तेवढ्यात गाडी लागली. रांग पुढे सरकली. तिनं पिशवी त्यांच्या हातात दिली, "पोचल्यावर फोन करा" म्हणाली, आणि ते चढून जागा शोधेपर्यंत ती स्टँडच्या बाहेर निघूनही गेली होती. शेजारची जागा रिकामी होती. काकांनी पिशवी तिथं ठेवली आणि कंडक्टर आला तेव्हा रेघा काढलेलं तिकीट त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं, आणि टोचून परत दिलं.